फिरता की बैठा: छोट्या किरकोळ व्यापाराचा प्रकार कसा निवडावा आणि कसा चालवावा

किरकोळ व्यापार सुरू करू इच्छिणारा माणूस बहुधा आधी काय विकावे हे विचारतो आणि लगेच दुकान कोठे घ्यावे याच्या शोधाला लागतो. या दोहोंच्या मध्ये आणखी एक प्रश्न आहे आणि तो सहसा विचारलाच जात नाही: या मालासाठी गिऱ्हाइकाने माझ्याकडे यावे, की मी गिऱ्हाइकाकडे जावे? डोक्यावरची पाटी, हातगाडी, रस्त्याकडेची पथारी, आठवडी बाजारातले पाल, टपरी, गाळा आणि भरलेले दुकान ही सगळी याच एका प्रश्नाची निरनिराळी उत्तरे आहेत. त्यांना चढत्या पायऱ्या समजण्याची, म्हणजे हातगाडीवाल्याने टपरी घ्यावी, टपरीवाल्याने गाळा घ्यावा आणि गाळेवाल्याने शेजारचा गाळा जोडून घ्यावा असे मानण्याची सवय सर्वत्र दिसते. ही समजूत चांगले चाललेले धंदेही बुडवते, कारण काही माल हिंडूनच विकला जातो आणि तो एका जागी मांडून बसले की गिऱ्हाईक दुरावते.

उंबरठा आणि पल्ला

जर्मन भूगोलतज्ज्ञ वॉल्टर ख्रिस्टालर यांनी 1933 साली गावे आणि बाजारपेठा यांची रचना समजावून सांगताना दोन कल्पना वापरल्या आणि छोट्या व्यापाऱ्याला त्यांच्याइतके उपयोगी पडणारे दुसरे काही मला आढळलेले नाही. पहिली कल्पना उंबरठ्याची आहे: धंद्याचा खर्च निघून व्यापाऱ्याचे पोट भरेल एवढी किमान विक्री म्हणजे उंबरठा. दुसरी कल्पना पल्ल्याची आहे: ती वस्तू घेण्यासाठी गिऱ्हाईक जास्तीत जास्त जेवढ्या लांबून येईल तेवढे अंतर म्हणजे पल्ला. पल्ल्याच्या आत उंबरठ्याएवढी विक्री मावत असेल, तर एका जागी बसून धंदा चालतो. मावत नसेल, तर व्यापाऱ्याला जागोजागची तुटपुंजी मागणी गोळा करीत हिंडावे लागते. ठरावीक दिवशी भरणारे बाजार आणि त्यांतून फिरणारे व्यापारी यांचे हे स्पष्टीकरण जेम्स स्टाइन यांनी 1962 साली कोरियातील बाजारांच्या अभ्यासातून मांडले.

ही कल्पना आकड्यांत उतरवून पाहिल्याशिवाय तिचा उपयोग होत नाही. समजा, प्रत्येक घरात लागणारी, पण पाच वर्षांतून एकदाच घेतली जाणारी वस्तू विकायची आहे आणि दिवसाला दोन नग विकले गेले तर खर्च भागून उत्पन्न उरते. वर्षाचे 300 दिवस कामाचे धरले, तर 600 नग विकले गेले पाहिजेत. 500 घरांच्या वस्तीत वर्षाला 100 घरांनाच ही वस्तू लागेल, आणि ती सगळी घरे आपल्याकडूनच घेतील असे धरणे म्हणजे स्वतःची फसवणूक आहे. चौथा हिस्सा पदरात पडला तरी चांगले म्हणावे. याचा अर्थ एका वस्तीत वर्षाला 25 नग आणि 600 नगांसाठी अशा 24 वस्त्या. इतक्या विखुरलेल्या वस्त्यांतले गिऱ्हाईक या वस्तूसाठी एका गाळ्यापर्यंत येणार नाही, पण रोज एक वस्ती घेतली तर विक्रेता वर्षात प्रत्येक वस्तीत बारा फेऱ्या सहज करू शकतो. याउलट रोजच्या वापरातली वस्तू एका घरात महिन्याला 20 वेळा घेतली जात असेल आणि त्याच 500 घरांपैकी 100 घरे आपल्याकडे येत असतील, तर महिन्याला 2,000 आणि दिवसाला सुमारे 65 खरेद्या होतात. वस्ती तीच आहे, घरे तीच आहेत, पण पहिल्या मालासाठी तेथे गाळा घेणे चूक आहे आणि दुसऱ्या मालासाठी तेथून हलणे चूक आहे.

हे आकडे ऐकीव नसावेत. जागा घेण्यापूर्वी किमान एक आठवडा, सुटीचा दिवस धरून, त्या ठिकाणी वेगवेगळ्या वेळी पंधरा-पंधरा मिनिटे उभे राहून येणारी-जाणारी माणसे मोजावीत. त्यांतली किती शेजारच्या दुकानांत थांबतात आणि किती हातात पिशवी घेऊन बाहेर पडतात, हेही निराळे टिपावे, कारण घाईने पुढे जाणारी गर्दी विक्रेत्याच्या कामाची नसते. फिरत्या धंद्यासाठी तीसएक घरी जाऊन चौकशी करावी. मात्र "तुम्ही ही वस्तू घ्याल का?" असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर सौजन्यापोटी होकारार्थी येते. "शेवटची केव्हा घेतली आणि कोठून घेतली?" असे विचारावे. या उत्तरात खरी मागणी असते आणि आपला खरा स्पर्धक कोण आहे, हेही त्यातच कळते.

मालाचा स्वभाव

उंबरठा आणि पल्ला या दोन्ही गोष्टी मालाच्या स्वभावावर ठरतात. अमेरिकेतील विपणनाचे अभ्यासक मेल्विन कोपलँड यांनी 1923 साली केलेली ग्राहकोपयोगी वस्तूंची तीन भागांतली विभागणी अजूनही उपयोगी पडते. नित्य गरजेची वस्तू गिऱ्हाईक जवळात जवळ मिळेल तेथून घेते. तुलना करून घेण्याची वस्तू, उदाहरणार्थ कपडे, चार ठिकाणी फिरून, पोत आणि किंमत पाहून घेतली जाते. खास वस्तूसाठी गिऱ्हाईक मनाशी ठरवून, वाट वाकडी करून येते. नित्य गरजेच्या मालाला घराजवळची जागा किंवा घरापर्यंत जाणारी गाडी हवी, तुलनेच्या मालाला त्याच मालाच्या इतर दुकानांची शेजारी सोबत हवी आणि खास मालाला आतल्या गल्लीतली, कमी भाड्याची जागाही चालते.

यातली मधली गोष्ट नवख्या व्यापाऱ्याला पटत नाही आणि तो आपल्यासारखे दुसरे दुकान नसलेली जागा शोधत राहतो. तुलनेच्या मालासाठी अशी जागा बहुधा वाईट ठरते, कारण निवड करायला वाव नाही असे वाटले की गिऱ्हाईक तिकडे फिरकतच नाही. नित्य गरजेच्या मालाचे मात्र उलट आहे. तेथे शेजारचे दुसरे दुकान म्हणजे त्याच 500 घरांचे दोन वाटेकरी. दोन विक्रेते एकाच सरळ रस्त्यावर असले, तर एकमेकांचे गिऱ्हाईक ओढण्याच्या प्रयत्नात दोघेही मध्याकडे सरकून शेजारी-शेजारी येऊन बसतात, हे हॅरॉल्ड होटेलिंग यांनी 1929 साली गणिताने दाखवले होते. त्यामुळे आज शेजारी कोणी नाही म्हणून कायमचा कोणी येणार नाही, असे धरू नये.

फिरता व्यापार

दारोदार जाणारा विक्रेता माल अंगावर वाहतो, म्हणून त्याने वजनाच्या मानाने किंमत जास्त असलेला, न मोडणारा आणि दाखवता येणारा माल निवडावा. किती ओझे घ्यावे हे केवळ हिमतीवर सोडू नये. माल उचलण्याच्या कामासाठी अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने 1991 साली सुधारलेल्या सूत्रात परिस्थिती सर्वतोपरी अनुकूल असली तरी 23 किलो हीच वरची मर्यादा धरलेली आहे, आणि दिवसभर वाहून न्यायचे ओझे तर त्याहून पुष्कळ कमी असले पाहिजे. या धंद्यात खरे भांडवल वेळेचे असते. एका दारापाशी चालण्यासह पाच मिनिटे गेली, तर सहा तासांत 72 दारे होतात. आठ दारांमागे एक विक्री होत असेल, तर दिवसाला नऊ विक्री. उत्पन्न वाढवायचे असेल, तर दारे वाढवण्याचा अट्टाहास करू नये, कारण तो पाय थकवतो. आठांमागची एक विक्री सहांमागे एक कशी होईल, हे पाहावे, म्हणजे तेवढ्याच दारांत बारा विक्री होतात. त्यासाठी दोन उपाय खात्रीचे आहेत. फेरीचा वार आणि वेळ कधीही बदलू नये, म्हणजे घरातली माणसे त्या दिवसासाठी खरेदी राखून ठेवतात. आणि प्रत्येक घराने काय घेतले व काय मागितले, याची एका ओळीची नोंद त्याच दिवशी करावी. मागच्या फेरीत मागितलेली वस्तू या फेरीत न विसरता आणून देणारा विक्रेता त्या घरासाठी परका राहत नाही.

हातगाडीने माल वाढतो, पण बहुधा तो नाशवंत असतो, आणि सकाळी किती माल भरावा हा या विक्रेत्यापुढचा रोजचा सर्वांत अवघड निर्णय आहे. पुष्कळ विक्रेते कालच्या विक्रीएवढा माल भरतात, किंवा गिऱ्हाईक रिकाम्या हाती जाऊ नये म्हणून भरपूर भरतात. या निर्णयाला एक सोपे सूत्र आहे. एक नग विकला तर जेवढा नफा होतो, त्याला तो नफा आणि एक नग उरला तर होणारा तोटा यांच्या बेरजेने भागावे. नगामागे एक भाग नफा आणि उरल्यास तीन भाग तोटा असेल, तर उत्तर पाव येते. याचा अर्थ असा की चार दिवसांपैकी साधारण एकाच दिवशी माल उरेल आणि तीन दिवशी संपेल, एवढाच माल भरावा. तीन दिवस गाडी लवकर रिकामी होते, हे विक्रेत्याला नुकसानीचे वाटते, पण या नफ्या-तोट्याच्या प्रमाणात तेच शहाणपणाचे आहे. संध्याकाळी उरलेला माल निम्म्या किमतीत तरी उठत असेल, तर तोटा घटतो, उत्तर वर सरकते आणि सकाळी जास्त माल भरता येतो. हे ठरवण्यासाठी महिनाभराची रोजची नोंद पुरते, मात्र त्यात किती विकले एवढेच लिहून भागत नाही. माल किती वाजता संपला आणि त्यानंतर किती जण विचारून गेले, हेही लिहावे लागते.

रस्त्याकडेला पथारी पसरणारा विक्रेता वाटसरूंवर जगतो. पाहताक्षणी घ्यावीशी वाटेल अशा, कमी किमतीच्या आणि मोजक्या वस्तू त्याने ठेवाव्यात, बसण्यासाठी लागणारी परवानगी आधी मिळवावी आणि पाऊस आला तर पाच मिनिटांत आवरता येईल एवढाच पसारा मांडावा.

ठरावीक वारी वेगवेगळ्या गावांच्या बाजारात पाल ठोकणाऱ्या व्यापाऱ्याला उंबरठ्याचा हिशेब सर्वांत नीट साधलेला असतो, कारण मागणी साठू देऊन तो ती ठरलेल्या दिवशी उचलतो. बाजारांची साखळी ठरवताना अंतराबरोबर वारही जुळावे लागतात. दोन बाजारांच्या मध्ये एक मोकळा दिवस माल भरण्यासाठी ठेवावा, अन्यथा शेवटच्या बाजारात उरलेसुरले मांडावे लागते आणि तेथले गिऱ्हाईक हळूहळू दुसऱ्या पालाकडे वळते. जागा दर वेळी तीच मिळेल असा प्रयत्न करावा, कारण आठवड्यातून एकदाच दिसणाऱ्या विक्रेत्याची ओळख बरीचशी जागेनेच टिकते.

काही दिवसांपुरती जागा भाड्याने घेऊन सवलतीत माल काढणारा विक्रेता फिरत्या आणि बैठ्या व्यापाराच्या मध्ये उभा असतो. त्याने एक गणित लक्षात ठेवावे: विक्रीवर 20 टक्के नफा असताना किमतीत 10 टक्के सूट दिली, तर नगामागचा नफा निम्मा होतो आणि पूर्वीएवढे मिळवायला दुप्पट नग विकावे लागतात. घासाघीस करणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याला हेच गणित लागू आहे.

बैठा व्यापार

टपरीचे सामर्थ्य तिच्या लहानपणात आहे. भाडे थोडे, माल थोडा आणि विक्रेत्याला न उठता सगळे हाताशी. मात्र जागा लहान असल्याने फळीवरच्या प्रत्येक वस्तूने आपली जागा कमावली पाहिजे. महिनाभर न हललेली वस्तू काढून तेथे रोज उठणारी वस्तू ठेवावी आणि ही तपासणी ठरलेल्या तारखेला करावी, मनात येईल तेव्हा नव्हे.

नित्य गरजेचा सगळा माल ठेवणाऱ्या जनरल स्टोअरची अडचण नेमकी उलटी असते. गिऱ्हाइकाला सर्व काही एका ठिकाणी मिळावे म्हणून दुकानदार वस्तूंची संख्या वाढवत जातो आणि भांडवल फळ्यांवर अडकून पडते. येथे नफ्याच्या टक्क्याइतकेच माल वर्षातून किती वेळा फिरतो, हे महत्त्वाचे आहे. खरेदी किमतीवर 10 टक्के नफा देणारा, पण वर्षात 12 वेळा फिरणारा माल अडकलेल्या भांडवलावर 120 टक्के ढोबळ नफा देतो. 40 टक्के नफा देणारा, पण वर्षात दोनदाच फिरणारा माल फक्त 80 टक्के देतो. म्हणून टक्का पाहून मोहात पडू नये. त्याच वेळी हेही खरे आहे की काही वस्तू स्वतः कमी फिरतात, पण त्यांच्यासाठी आलेले गिऱ्हाईक बाकीची खरेदीही येथेच करते. अशा वस्तू ठेवाव्याच लागतात. त्या कोणत्या, हे ओळखणे हे या धंद्यातले खरे कसब आहे आणि ते गल्ल्यावर बसून, कोणते गिऱ्हाईक कशाबरोबर काय घेते हे पाहूनच येते.

एकाच प्रकारच्या मालाचे दुकान चालवायचे असेल, तर त्या मालाचे आकार, दर्जे आणि रंग यांत कोठेही खिंडार राहू देऊ नये. एकाच वस्तूत पारंगत असलेल्या खास दुकानात त्याहूनही अधिक लागते, ते म्हणजे ज्ञान. तेथे दुकानदाराने वस्तू वापरून, दुरुस्त करून पाहिलेली असावी, कारण गिऱ्हाईक लांबून येते ते सल्ल्यासाठी.

जुन्या आणि दुय्यम दर्जाच्या वस्तूंचे दुकान हा मला सर्वांत आव्हानाचा प्रकार वाटतो. 1970 साली जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन दाखवले की वस्तूतला दोष विक्रेत्याला ठाऊक आणि गिऱ्हाइकाला अज्ञात असेल, तर गिऱ्हाईक चांगल्या वस्तूलाही पुरती किंमत देत नाही, चांगल्या वस्तूंचे मालक बाजारातून मागे हटतात आणि खराब माल तेवढा शिल्लक राहतो. या कामासह माहितीच्या विषमतेवरील संशोधनासाठी त्यांना 2001 साली अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार विभागून मिळाला. दुकानदाराने याचा व्यवहारातला अर्थ असा घ्यावा की दोष लपवून मिळालेला नफा पुढच्या प्रत्येक विक्रीतून वजा होतो. प्रत्येक वस्तूवर तिचा दोष स्पष्ट लिहिलेली चिठ्ठी लावावी, वस्तू दुकानातच चालवून दाखवावी, काही दिवसांत परत घेण्याची अट पावतीवर लिहावी आणि ती पाळावी. स्वतः खरेदी करतानाही विकणाऱ्याची ओळख आणि मालकीचा पुरावा नोंदवून ठेवावा, नाहीतर चोरीचा माल हाती येण्याचा धोका सदैव राहतो.

हिशेब आणि उधारी

प्रकार कोणताही असो, नफ्याचा टक्का कशावर मोजला आहे, हे आधी स्पष्ट करावे. खरेदी किमतीवर 25 टक्के चढवले, की विक्रीवर 20 टक्के नफा होतो. हे दोन्ही टक्के एकच समजून खर्चाचा अंदाज बांधणारे पुष्कळ आहेत. विक्रीवर 20 टक्के नफा असेल, तर भाडे, वीज, वाहतूक, पगार आणि स्वतःचा घरखर्च यांच्या बेरजेच्या पाचपट विक्री झाल्याशिवाय उंबरठा ओलांडला जात नाही. स्वतःचा घरखर्च यातून वगळणे ही सर्वांत सामान्य चूक आहे.

उधारीचे गणितही याच टक्क्यातून निघते. 20 टक्के नफ्यावर दिलेल्या उधारीतली एक रक्कम बुडाली, तर त्या रकमेच्या 80 टक्के, म्हणजे मालाची खरेदी किंमत, जाते आणि ती भरून काढायला तेवढ्याच रकमेची चार रोख गिऱ्हाइके लागतात. बैठ्या दुकानदाराचे गिऱ्हाईक शेजारचे असल्याने त्याला उधारी पूर्णपणे टाळता येत नाही. त्याने प्रत्येक खात्याची मर्यादा आधी ठरवून गिऱ्हाइकाला सांगावी आणि जुनी बाकी फिटल्याशिवाय नवी नोंद करू नये. फिरत्या विक्रेत्याने उधारी पुढच्या फेरीपलीकडे जाऊ देऊ नये.

विक्रीची रोकड नोंदवणारे यंत्र (कॅश रजिस्टर) 1879 साली अमेरिकेत जेम्स रिटी या मद्यालयाच्या मालकाने बनवले, ते नोकरांकडून होणारी गळती थांबवण्यासाठी. छोट्या धंद्यात गळती बहुधा मालकाच्याच हाताने होते. घरातल्या खर्चासाठी गल्ल्यातून घेतलेले पैसे आणि घरी नेलेला माल त्याच दिवशी लिहावा, अन्यथा धंदा नफ्यात आहे की भांडवल खातो आहे, हे वर्षाअखेरीसही कळत नाही. वजनकाटा प्रमाणित असावा, त्याची तपासणी वेळच्या वेळी करून घ्यावी आणि काटा गिऱ्हाइकाला दिसेल असाच ठेवावा.

फिरत्याकडून बैठ्याकडे

फिरत्या धंद्याला जागा घेण्याची वेळ आली आहे की नाही, हे विक्री वाढल्यावरून ठरवू नये. विक्री 24 वस्त्यांतून वाढली असेल, तर गाळा घेऊन तिच्यातली 23 वस्त्यांची विक्री सोडून द्यावी लागेल. पाहायचे ते हे, की एकाच वस्तीतली विक्री एकट्याने जागेच्या खर्चाचा उंबरठा गाठू लागली आहे का, आणि गिऱ्हाइके फेरीच्या दिवसाखेरीजही आपल्याला शोधत येतात का. दोन्हींची उत्तरे होकारार्थी असली, तरी करार आधी अल्प मुदतीचा करावा आणि पहिले तीन महिने फेरी चालू ठेवावी. या काळात गाळ्यातली विक्री आणि फेरीतली विक्री वेगवेगळ्या वह्यांत लिहावी. गाळ्यात आलेले प्रत्येक गिऱ्हाईक पूर्वीच्या फेरीतले आहे की नवे, याची खूण करावी. गाळ्यातले बहुतेक गिऱ्हाईक फेरीतलेच निघाले, तर विक्री वाढलेली नसते, तिच्यावर फक्त भाडे चढलेले असते, आणि अशा वेळी चौथ्या महिन्याचे भाडे भरण्यापूर्वी गाळा सोडून फेरीचा वार पूर्ववत करावा.